आठवणारा रेणू, मोजणारी जाळी

  बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या धर्तीवर गणित करणारी जाळी घडवली आणि सप्टेंबर 2024 मध्ये ‘नेचर’ने तिच्यावरचा शोधनिबंध छापला. जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात टिपलेलं ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ हे चित्र त्यांनी टेबलावरच्या संगणकाला ही जाळी जोडून पुन्हा उभं केलं. मेंदूशी असलेल्या साम्याचा बोलबाला बराच झाला. माझ्या मते या जाळीचं खरं मोल तिच्या अचूकतेत आहे.

नेहमीच्या संगणकात स्मृती एकीकडे आणि गणित दुसरीकडे. अंधारात माणूस ओळखणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याचं उदाहरण घ्या: त्याच्या प्रत्येक चित्रासाठी आकडे या दोन्हींमध्ये हेलपाटे घालतात आणि बरीच वीज त्यातच जाते. या जाळीत 64 आडव्या, 64 उभ्या तारा आहेत आणि त्यांच्या प्रत्येक छेदावर रुथेनियमच्या संयुगाचा थर. विजेच्या स्पंदाने थराची वाहकता बदलते आणि तीच साठवलेली संख्या ठरते. आडव्या तारांना विद्युतदाब दिला की ओहमच्या नियमाने गुणाकार होतो आणि उभ्या तारेत प्रवाह एकत्र येताच बेरीज. 4,096 गुणाकार एका टप्प्यात उरकतात. आधीच्या अशा जाळ्यांचं गणित ढोबळ असे. इथे मात्र वाहकतेच्या 16,520 पातळ्या वेगळ्या ओळखता येतात. अवरक्त चित्रात माणूस आणि उन्हाने तापलेली भिंत यांच्यातला फरक कित्येकदा इतका थोडा असतो की ढोबळ गणितात तो विरून जातो. म्हणून पातळ्यांची ही संख्या महत्त्वाची.

चित्र उभारणं म्हणजे ओळखणं नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण चित्र उभारताना लागणारं फूरिये रूपांतर आणि वस्तू ओळखणारं न्यूरल नेटवर्क, दोन्हींच्या मुळाशी मॅट्रिक्सचेच गुणाकार असतात. एक जमलं तर दुसऱ्याची वाट मोकळी होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: 64 गुणिले 64 ही जाळी लहान आहे आणि डिजिटल संगणकापेक्षा 460 पट कमी ऊर्जेचा दावा प्रयोगशाळेतला आहे. संवेदक, तारा, संकेत बदलणारी मंडलं जोडल्यावर हिशेब बदलेल. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या पाठबळाने स्वदेशी चिप बनवण्याचं काम संस्थेने हाती घेतलं आहे. बॅटरीवरचा कॅमेरा दूरच्या सर्व्हरला न विचारता अंधारातला माणूस अचूक ओळखू लागेल, तेव्हाच या जाळीला पूर्ण गुण द्यावेत. तोवर तिने अचूकतेची परीक्षा पार केली आहे, उपयोगाची अजून बाकी आहे.