तीन तारा आणि थांबलेले कर्नेल

काही बिघाड असे असतात की त्यांची खबर द्यायलाही कोणी मागे उरत नाही. संगणकाचा पडदा आहे तसा गोठतो. कळफलकाला प्रतिसाद नाही, नेटवर्कवरून हाक मारावी तर उत्तर नाही. बिघाडाची नोंद डिस्कवर उतरायची, तर ती उतरवणारी व्यवस्थाच कोसळलेली असते. साधा प्रोग्रॅम बंद पडला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याची विचारपूस करते. कर्नेल म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा. स्मृती, डिस्क, नेटवर्क आणि प्रत्येक यंत्रभाग यांचा कारभार त्याच्याकडे असतो. तोच थांबला तर त्याची विचारपूस बाहेरूनच करावी लागते. त्यासाठी शेजारी दुसरा संगणक हवा आणि दोघांना जोडणारी अशी वाट हवी, जी बाकी सगळे कोसळल्यावरही शाबूत राहील. ही वाट गेली कित्येक दशके सिरियल पोर्टने पुरवली आहे.

बाहेरून कर्नेल तपासण्याच्या या तंत्राच्या इतिहासात पुण्याचे मोठे योगदान आहे आणि मराठी वाचकांपर्यंत ते फारसे पोहोचलेले नाही. बीडसारख्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना ही विद्या आज सहज हाती घेता येईल, अशी माझी खात्री आहे. या आढाव्याचे कारण तेच.

जुनी जोडणी, आजचे काम

सिरियल जोडणीचे आरएस-२३२ हे मानक १९६० साली आले आणि त्याची सर्वांत परिचित आवृत्ती १९६९ साली. एका तारेतून एकामागून एक बिट पाठवायचे, एवढीच त्याची रीत. पाठवण्याची तार, घेण्याची तार आणि दोन्हींना सामाईक ग्राउंड, अशा तीन तारांत काम भागते.

नव्या लॅपटॉपवर नऊ पिनांचे ते सॉकेट आता दिसत नाही, म्हणून ही जोडणी इतिहासजमा झाली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती आपल्या आसपास रोज राबते आहे. बीडच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाची ट्रॉली इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर उभी राहते. काट्याच्या डिस्प्लेवरचा आकडा संगणकात पोहोचवण्याची रूढ पद्धत सिरियल केबलचीच आहे. वीज केंद्रांत आणि उपकेंद्रांत मीटर व रिले एकमेकांशी बोलतात, तेव्हा आरएस-२३२चे भावंड असलेले आरएस-४८५ आणि त्यावर चालणारा १९७९ सालचा मॉडबस हा प्रोटोकॉल सर्रास वापरात असतो. राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि छोट्या नियंत्रकांच्या बोर्डावरही सिरियलच्या तीन-चार पिना सहसा असतात. ज्याला ही जोडणी दुरुस्त करता येते त्याच्या हाताला कारखान्यातही काम आहे आणि कर्नेलच्या प्रयोगशाळेतही.

पुण्यात वाढलेले केजीडीबी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली जीडीबी हा डीबगर, म्हणजे दोष शोधण्याचा प्रोग्रॅम, लिहिला. दूरच्या यंत्रातला प्रोग्रॅम तपासण्यासाठी त्याला एक साधा संवादक्रम जोडला गेला. डॉलर चिन्हापासून सुरू होणारा मजकूर, मग हॅश चिन्ह, मग पडताळणीचे दोन अंक. समोरून अधिक चिन्ह आले तर निरोप पोहोचला, उणे आले तर पुन्हा पाठवायचा. थांबलेल्या कर्नेलनेच ही भाषा बोलावी, ही केजीडीबी या कर्नेल डीबगरमागची कल्पना. लिनक्ससाठी त्याचा मूळ ढाचा डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रान ऐवाझियन यांनी रचला.

इथून धागा पुण्याकडे येतो. २००० ते २००४ या काळात लिनक्सच्या केजीडीबीची जबाबदारी अमित काळे यांनी सांभाळली. २००४ ते २००६ ही धुरा पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीजकडे होती. पुढे विंड रिव्हर कंपनीचे जेसन वेसल यांनी ती उचलली. ही वर्षे सोपी नव्हती. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना कर्नेलमध्ये डीबगर नको होता आणि २००० साली त्यांनी ते जाहीरपणे सांगितले होते. डीबगर हाताशी असला की माणूस मूळ रचना समजून घेण्याऐवजी लक्षणांवर मलमपट्टी करतो, असे त्यांचे मत होते. त्यामुळे केजीडीबी अनेक वर्षे मुख्य कर्नेलच्या बाहेर, स्वतंत्र पॅच म्हणून जगले. कर्नेलची प्रत्येक नवी आवृत्ती आली की पॅच तिच्याशी पुन्हा जुळवायचा. हे काम कष्टाचे आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. शेवटी जेसन वेसल आणि इंगो मोल्नार यांनी त्याचे सुटसुटीत रूप तयार केले आणि जुलै २००८मध्ये २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी मुख्य कर्नेलचा भाग झाले. २०१०च्या २.६.३५मध्ये केडीबी हा दुसरा डीबगरही त्याच पायावर आला.

लिनक्स कर्नेलच्या मूळ सोर्समध्ये डीबगरच्या गाभ्याची जी फाईल आहे, तिच्या माथ्यावर अमित काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावे आजही आहेत. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याने कर्नेलचा सोर्स उतरवून घेतला तर तो ती नावे स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकतो. एवढे महत्त्वाचे काम पुण्यात झाले, हे आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

दोष कुठून शोधायचा

जोडणीत दोन संगणक असतात. एक लक्ष्य संगणक, म्हणजे ज्याचे कर्नेल तपासायचे तो. दुसरा तपासनीस संगणक, ज्यावर जीडीबी चालतो. मध्ये केबल. केबल लावली, आज्ञा दिली आणि जीडीबी नुसता वाट पाहत बसला, हा सर्वांना येणारा अनुभव. अशा वेळी दोष सात-आठ ठिकाणी असू शकतो आणि बाहेरून लक्षण एकच दिसते.

शेतातली मोटर सुरू होत नसेल तर जाणता वायरमन आधी डीपीवर तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटर विहिरीतून वर काढायची वेळ शेवटी येते. सिरियल डीबगिंगमध्येही हाच क्रम पाळावा. तळापासून वर जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिली पायरी केबलची. दोन संगणक थेट जोडायचे तर नल-मोडेम केबल लागते. तिच्यात एका बाजूची दोन नंबरची पिन दुसऱ्या बाजूच्या तीनला जाते, तीनची दोनला, आणि पाच नंबरचे ग्राउंड सरळ पाचला. सरळ केबल लावली तर दोन्ही यंत्रे एकाच तारेवर बोलतात आणि दुसरीवर दोघेही ऐकत राहतात. खात्रीसाठी लूपबॅक चाचणी करावी. अ‍ॅडॉप्टरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना एकमेकींना जोडून टर्मिनलमध्ये अक्षर टाइप करायचे. ते परत उमटले तर अ‍ॅडॉप्टर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक. पिना सुट्या केल्यावरही अक्षर उमटत असेल तर टर्मिनलचा लोकल एको चालू आहे, तो आधी बंद करावा. मल्टिमीटरनेही पुष्कळ कळते. आरएस-२३२ची पाठवण्याची पिन शांत असताना ग्राउंडच्या तुलनेत उणे व्होल्टेज दाखवते. तिथे शून्य दिसले तर पोर्ट मेलेला असू शकतो, किंवा तुम्ही भलत्याच पिनेवर आहात.

व्होल्टेजबाबत एक इशारा. आरएस-२३२ची पातळी अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत जाते. रास्पबेरी पायसारख्या बोर्डाच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या असतात. मध्ये पातळी बदलणारी चिप न घालता या दोन्हींची गाठ घातली तर बोर्ड जळू शकतो.

मराठवाड्यात काम करणाऱ्याने अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे. दोन संगणक वेगवेगळ्या सॉकेटवर असतील आणि एकाचे अर्थिंग नसेल, तर दोघांच्या ग्राउंडमध्ये व्होल्टेजचा फरक राहतो. केबल जोडताच तो फरक सिरियल पोर्टमधून वाट काढतो. कधी अक्षरे बिघडतात, कधी पोर्टच जातो. दोन्ही यंत्रे एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावीत. तपासनीस लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर आणखी बरे, वीज गेली तरी समोर दिसणारी माहिती हातची जात नाही. वजनकाट्यासारख्या ठिकाणी लांब केबल असेल तर दोन्ही ग्राउंड अलग ठेवणारा ऑप्टो-आयसोलेटर घालणे शहाणपणाचे.

वेग आणि पोर्टची मालकी

तारेतून काहीतरी येते, पण ते वाचता येत नाही, तेव्हा पहिला संशय बॉड रेटवर घ्यावा. दोन्ही टोकांना वेग सारखाच हवा. सहसा तो ११५२०० असतो, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. प्रत्येक बाइटसोबत सुरुवातीचा आणि शेवटचा बिट जातो, म्हणून या वेगाला सेकंदाला ११,५२० बाइट मिळतात. हा आकडा ध्यानात ठेवावा. एक जीबी स्मृती या तारेतून ओढायची म्हटली तर जवळजवळ २६ तास लागतील. म्हणून सगळे मागवायचे नाही, नेमके विचारायचे. तीन तारांच्या केबलवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिले तर पाठवणारा कधीही न येणाऱ्या परवानगीची वाट पाहत बसतो. मिनीकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये ते बंद करायला अनेक जण विसरतात.

यानंतर पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. चाचणीसाठी उघडलेला मिनीकॉम मागे तसाच चालू असेल तर जीडीबीकडे यायचे निरोप तो पळवतो. काही लिनक्स वितरणांत मोडेम-मॅनेजर नवा अ‍ॅडॉप्टर दिसताच त्याला मोडेम समजून आज्ञा पाठवू लागतो. वापरकर्ता डायलआउट गटात नसेल तर पोर्ट उघडतच नाही. लक्ष्य संगणकाच्या त्याच पोर्टवर लॉगिनची विचारणा सुरू असेल तर तिचा मजकूर जीडीबीच्या निरोपांत मिसळतो. एकाच तारेवर कन्सोल आणि डीबगर दोन्ही चालवायचे असतील तर दोन्ही प्रवाह वेगळे करणारा एजंट-प्रॉक्सी हा छोटा प्रोग्रॅम वापरावा.

कर्नेलच्या आतली अट

नवशिक्यांचे सर्वांत जास्त दिवस वाया जातात ते एका अटीपायी. तपासनीस संगणकावर यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टर उत्तम चालतो. लक्ष्य संगणकावर मात्र तो सहसा चालत नाही. कर्नेल डीबगरच्या हाती जाते तेव्हा सगळे प्रोसेसर थांबवले जातात आणि इंटरप्ट बंद असतात. यूएसबीचा डोलारा इंटरप्टवर आणि कर्नेलच्या इतर सेवांवर उभा आहे, त्या सेवाच आता गोठलेल्या आहेत. बोर्डावरच्या साध्या सिरियल चिपला मात्र थेट विचारता येते, अक्षर आले का, आले का. पोलिंगच्या या पद्धतीला कुणाची मदत लागत नाही. म्हणून लक्ष्य संगणकाला खरा सिरियल पोर्ट हवा. जुनी जोडणी अजून टिकून आहे याचे तांत्रिक कारण हेच.

कर्नेल बांधताना केजीडीबी, त्याचा सिरियल भाग, डीबगची माहिती आणि मॅजिक सिसरिक्व (थेट कर्नेलला आज्ञा देण्याची सोय) हे पर्याय चालू असावेत. सुरू होताना केजीडीबीओसी या पॅरामीटरमध्ये पोर्टचे नाव आणि वेग द्यावा. नोंदींमध्ये केजीडीबीओसीची नोंदणी झाल्याचा संदेश दिसला नाही, तर पुढे तार तपासण्यात अर्थ नाही. संदेश असेल तर सिसरिक्वची जी ही आज्ञा देऊन कर्नेल मुद्दाम थांबवावे आणि मगच जीडीबी जोडावा. चालत्या कर्नेलला जोडू पाहणे आणि उत्तर नाही म्हणून केबल बदलत राहणे, ही फार नेहमीची फसगत आहे. सिक्युअर बूटमुळे कर्नेल लॉकडाउनमध्ये असेल तर २०२२पासून केजीडीबीवरही बंधने येतात. प्रयोगाच्या यंत्रावर सिक्युअर बूट बंद ठेवावा.

जोडणी झाली, उत्तरे चुकीची

जोडणी लागली तरी काम संपत नाही. फंक्शनची नावे जुळत नसतील तर तपासनीस संगणकावरची, डीबगची माहिती असलेली व्हीएमलिनक्स ही कर्नेलची फाईल आणि लक्ष्यावर चालणारे कर्नेल एकाच बांधणीतले आहेत का ते पाहावे. ती खात्री झाली तर केएएसएलआर आठवावा. सुरक्षेसाठी कर्नेल दर वेळी स्मृतीत वेगळ्या जागी बसवण्याची ही सोय २०१४मध्ये आली आणि २०१७पासून एक्स८६वर आपोआप चालू असते. डीबगिंगपुरती ती नोकेएएसएलआर या पॅरामीटरने बंद करावी. रजिस्टरच्या उत्तराची लांबी जास्त असल्याची तक्रार जीडीबीने केली तर बहुधा त्याने प्रोसेसरचा प्रकार चुकीचा धरलेला असतो. कर्नेल थांबवल्यावर थोड्याच वेळात यंत्र आपोआप रीबूट होत असेल तर हार्डवेअर वॉचडॉगकडे पाहावे. त्याच्या दृष्टीने थांबलेले यंत्र म्हणजे मेलेले यंत्र. आणि निरोपांच्या पातळीवर काय चालले आहे ते बघायचेच असेल, तर जीडीबीची रिमोट डीबगची सोय चालू करावी. डॉलर, हॅश, अधिक, उणे, सगळा संवाद समोर उलगडतो.

प्रत्येक वेळी सिरियलच लागते असे नाही. कोसळल्यानंतरची स्मृती जपणारा केडम्प आहे, चालत्या कर्नेलचा माग काढणारा एफट्रेस आहे, थेट प्रोसेसरशी बोलणारा जेटॅग आहे. पण यंत्र सुरू होतानाच, नेटवर्क आणि डिस्क जागे होण्याआधीच ते अडकले, तर सिरियलइतकी कमी खर्चात भरवशाची वाट दुसरी नाही.

बीडमध्ये काय करता येईल

बीड जिल्ह्यातली असंख्य मुले शिकून पुण्याला जातात आणि तिथे वेब किंवा अ‍ॅपच्या कामाला लागतात. सिस्टिम प्रोग्रॅमिंग हे आपल्याला न झेपणारे, मोठ्या शहरातले, महागड्या प्रयोगशाळेतले काम, असा समज मुलांमध्ये आणि शिक्षकांमध्येही मूळ धरून आहे. हा समज चुकीचा आहे. या विद्येला लागतात नऊ पिनांचा पोर्ट असलेला एक जुना डेस्कटॉप, एक साधा लॅपटॉप आणि एक केबल. सोर्स एकदा उतरवला की इंटरनेट बंद पडले तरी अभ्यास चालतो. दुसरे यंत्र नसेल तर क्वेमू या प्रोग्रॅममध्ये आभासी यंत्र आणि आभासी सिरियल पोर्ट घेऊन सुरुवात करता येते, तिथे केबलचे दोष वगळून बाकी बरेच काही शिकता येते.

म्हणून जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि तंत्रनिकेतनांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. भंगारात निघणाऱ्या डेस्कटॉपपैकी सिरियल पोर्टवाले दोन तरी बाजूला काढून ठेवा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात एका गटाला छोटा ड्रायव्हर लिहू द्या, त्यात मुद्दाम चूक ठेवा आणि दुसऱ्या गटाला ती तारेवरून शोधू द्या. सोबत एक नोंदवही ठेवा: काय बदलले, काय दिसले, काय वगळले. अशा वर्गातून शिकलेला मुलगा किंवा मुलगी कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी राहिली काय, किंवा कर्नेलच्या जगभरच्या चर्चेत उतरली काय, कामाची शिस्त तीच राहील. पुण्याहून केजीडीबी सांभाळणाऱ्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही वाट चालून दाखवली आहे. परळी, केज, माजलगावच्या मुलांसाठी ती आज तेव्हापेक्षा स्वस्त आणि सोपी झाली आहे.