नोकरी कुणाच्या उपकाराची नाही

गेल्या महिन्यात माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, मुलाखत देऊन थेट माझ्याकडे आली. चपला काढता काढताच म्हणाली, "आत्या, पाणी नको, आधी ऐक." पोर एम.एस्सी., बी.एड. झालेली. अभियोग्यता चाचणी दिलेली, पवित्र पोर्टलवरून एका अनुदानित शाळेत मुलाखतीला नाव लागलेलं. पाठ छान झाला म्हणाली. पण मुलाखतीत पहिला प्रश्न, "लग्न कधी करणार?" दुसरा, "मग बाळंतपणाच्या रजा घेणार, वर्ग कुणी सांभाळायचा?" गणितावर प्रश्न एकच. आणि बाहेर पडताना एक कारकून हळूच म्हणाला, "वडिलांना एकदा अध्यक्षसाहेबांना भेटायला पाठवा की."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. नुसती हसले." स्वतःच्या त्या हसण्याचाच तिला जास्त राग आला होता. मग म्हणाली, "तुमच्या वेळी असं नव्हतं ना गं?"

चहा ठेवते म्हणून मी आत गेले. आधण उकळून उकळून आटलं, तरी बाहेर यायचा धीर होईना. शेवटी बाहेर आले आणि तिला ती गोष्ट सांगितली, जी मी घरात कधी बोलले नव्हते.

१९९१ साली मला नोकरी लागली ती आमच्या अण्णांनी विहिरीजवळचं दीड एकर रान विकलं म्हणून. 'इमारत निधी' असं त्या पैशाला गोंडस नाव होतं. पावती नव्हती. मुलाखतीला आम्ही सात जणी होतो. निकाल आदल्या दिवशीच लागलेला होता, हे मला माहीत होतं, बाकी सहा जणींना नव्हतं. त्यातली एक तान्हं मूल घेऊन एस.टी.ने दोन गाड्या बदलून आली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

गंमत बघा, माझा पगार पहिल्या महिन्यापासून शासनाच्या तिजोरीतून आला. संस्थेने पदरचा एक रुपया दिला नाही. तरीही 'आम्ही तुम्हाला नोकरी दिली' हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकलं. आणि उपकाराने आत गेलेल्या बाईचं तोंड बंदच असतं, हे मी अनुभवाने सांगते. आमचे एक संचालक रविवारी तरुण शिक्षिकांना 'हिशेब लिहायला' घरी बोलवायचे. एकीने जायचं बंद केलं. तिचं वेळापत्रक बदललं, वेतनवाढ अडकली, वर्षभरात ती सोडून गेली. आम्ही सगळ्या शिक्षक खोलीत मान खाली घालून पेपर तपासत राहिलो. आपल्याला काय करायचंय!

त्याच सुमारास राजस्थानातली भंवरीदेवी एकटी लढत होती. ती सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात तुटपुंज्या मानधनावर काम करणारी 'साथीन'. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण तिच्या प्रकरणामुळे काही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये 'विशाखा' निकाल आला. कामाच्या जागी बाईची सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी ठरली. त्यातूनच पुढे २०१३ चा कायदा झाला.

तो कायदा आमच्या शाळेत आला तो एका फलकाच्या रूपाने. २०१४ मध्ये एके दिवशी ऑफिसबाहेर 'अंतर्गत तक्रार समिती' अशी पाटी लागली. अध्यक्ष म्हणून माझं नाव! मला कुणी विचारलंही नव्हतं. तपासणी येणार होती एवढंच.

दोन वर्षांनी हंगामी कामावरची एक शिपाईबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात चार घड्या घातलेला कागद. ऑफिसमधल्या एका कर्मचाऱ्याबद्दल तक्रार होती. मी काय म्हणावं? "अगं, लेखी कशाला देतेस, तोंडी सांग, मिटवून टाकू." ती म्हणाली, "बाई, तोंडी सांगून सांगूनच दमले, म्हणून लिहून आणलंय."

त्या रात्री मी कायदा पहिल्यांदा नीट वाचला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. आमच्याकडे बाहेरचा सदस्यच नव्हता. मी हट्टाने तो नेमायला लावला. दोघांचंही म्हणणं, साक्षीदारांचंही, सगळं लिहून घेतलं. घाई केली नाही. ते बरंच झालं, कारण गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात चौकशी घाईने उरकली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शिक्षा रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. त्याच निकालात सरकारी खाती, विद्यापीठं अशा सगळीकडे समित्या खरंच नेमल्यात का, हे तपासायलाही सांगितलं. नुसती पाटी चालणार नाही, असाच त्याचा अर्थ.

आमचा अहवाल त्या माणसाच्या विरोधात गेला. अध्यक्षसाहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, विसरलात? नोकरी आम्हीच दिली तुम्हाला." माझ्या डोळ्यांपुढे अण्णांची विहीर आली. तोंडातून शब्द फुटला नाही. पण अहवाल मी मागे घेतला नाही. त्या माणसाची बदली झाली, वेतनवाढ थांबली. शिपाईबाई अजून तिथेच काम करते.

हे सगळं ऐकून भाची बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी भेटायला जायचं नाही, हेच ना?"

"नाहीच जायचं," मी म्हणाले.

मैत्रिणींनो, तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. बाळंतपणाचे प्रश्न नोकरीच्या लायकीत बसत नाहीत. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात मासिक पाळी, गरोदरपण यांचे रकाने होते. गरोदरपण लपवलं म्हणून काढून टाकलेल्या एका बाईला १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकाने काढायला सांगितले. मुलाखतीत काय विचारलं ते घरी आल्याबरोबर तारखेनिशी लिहून ठेवा. शासनाच्या मोठ्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनाही माहितीचा अधिकार लागू आहे, हे २०१९ च्या निकालाने स्पष्ट झालंय. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. मुलाखतीचे गुण मागा, निवड कशाच्या आधारावर झाली ते मागा. सरकारी भरतीत इतर उमेदवारांचे गुणही सरसकट गुपित ठेवता येत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. नोकरीत असाल तर समितीवर कोण कोण आहे ते आजच बघा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

भाचीची निवड झाली नाही. तिने माहितीचा अर्ज माझ्याच टेबलावर बसून लिहिला. तीस दिवस अजून पुरे व्हायचेत. उत्तर काय येईल, ठाऊक नाही. पण भावाचं रान शाबूत आहे. आणि उद्या तिला नोकरी लागेल तेव्हा 'आम्ही दिली' असं तिला कुणी म्हणू शकणार नाही. मला ते कधीच मिळालं नाही, मैत्रिणींनो. म्हणून तर आज हे लिहिलं.