बैल लाल रंगावर चिडत नाही

‘सी रेड’ म्हणजे राग अनावर होणं. या इंग्रजी वाक्प्रचाराची गोष्ट निघाली की पाठोपाठ स्पेनमधला बैल येतोच: बैलझुंजीतला मातादोर लाल फडकं हलवतो, बैलाला लाल रंग दिसतो आणि तो बिथरतो. आपल्याकडेही लाल सदरा घालून बैलापुढे जाऊ नकोस, असं पोरांना बजावतात. या समजुतीत बैलावर मोठा अन्याय आहे.

आधी शब्दांचं पाहू. बैलापुढे लाल चिंधी धरण्याची इंग्रजी उपमा एकोणिसाव्या शतकात रुळलेली होती. ‘सी रेड’ त्यानंतरचा, विसाव्या शतकाच्या तोंडाशी छापील मजकुरात दिसू लागलेला. तो बैलझुंजीतूनच जन्मला याला भक्कम पुरावा नाही. रागाने माणसाचाच चेहरा लाल होतो. रंग आणि रागाची गाठ पडायला तेवढंही पुरेसं आहे.

आता बैलाचे डोळे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, गाईबैलांच्या डोळ्यात दोनच. लाल आणि हिरव्यातला फरक त्यांना धड कळत नाही. १९२३ साली कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी गुरांवर रंगीत कापडांचे प्रयोग केले. लाल कापडाने गुरं विशेष चिडली नाहीत.

झुंजीच्या रिंगणातही हेच दिसतं. सुरुवातीला वापरतात ते मोठं वस्त्र, कापोते, सहसा एका बाजूने गडद गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने पिवळं असतं. बैल त्यावरही तितक्याच त्वेषाने धावून जातो, कारण त्याला खेचते ती हालचाल. शिवाय तो चटकन शिकतो. कापडामागे माणूस आहे हे उमगलेला बैल माणसावरच जातो, म्हणून पायी माणसाशी आधी कधीच सामना न झालेला बैल रिंगणात आणतात.

मुलेता, म्हणजे ते लाल फडकं, येते ती शेवटच्या टप्प्यात. तोवर घोड्यावरच्या पिकादोरने बैलाच्या मानेमागच्या स्नायूंत भाला खुपसलेला असतो, टोकाला आकडे असलेल्या काठ्या खांद्यात रुतून लोंबत असतात. इतकं झाल्यावर त्याच्या रागाचं कारण कापडाच्या रंगात शोधणं मला निर्दय वाटतं. लाल रंगाचं नेहमी दिलं जाणारं कारण तर असं, की त्यावर रक्ताचे डाग उठून दिसत नाहीत.