गुंडाळली की पिशवीत, उघडली की सहा फूट

बचत गटांच्या प्रदर्शनात उद्घाटनाच्या तासभर आधी जाऊन पाहावं. टेबलांवर अजून कापड पडलेलं नसतं, पापड-कुरडयांची खोकी दोरीत बांधलेलीच असतात. गाळ्याच्या कोपऱ्यात गटातली एखादी ताई खांद्यावरची लांबट काळी पिशवी उतरवते आणि आतून तीन फूट लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा बेस काढते. त्याचे दोन पाय आडवे फिरवते, काठीचे तीन तुकडे एकात एक बसवते, बेसच्या फटीतून पट्टी वर ओढून काठीच्या टोकाला अडकवते. मिनिटभरात सहा फुटी रंगीत फलक उभा! गटाचं नाव, गाव, तालुका, नाचणीच्या लाडवांचा फोटो, मोबाइल नंबर. खिळा ठोकावा लागला नाही, शिडी मागावी लागली नाही.

या वस्तूला बाजारात स्टँडी म्हणतात. सराफी पेढीच्या दारात, बँकेच्या शाखेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये वधूवरांच्या फोटोसह, साहित्य संमेलनातल्या पुस्तकांच्या गाळ्यावर ती सगळीकडे दिसते. तिचा खरा उपयोग मात्र ज्याच्याकडे स्वतःची भिंत नाही, त्याला होतो. मोठ्या शोरूमला दर्शनी काच असते, वर दिव्यांचा बोर्ड असतो. बचत गटांकडे यातलं काहीच नसतं. ग्रामीण बचत गटांच्या 'उमेद' अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनाला जिल्ह्याजिल्ह्यांतून बायका माल घेऊन येतात. एसटीच्या नाहीतर रेल्वेच्या प्रवासात लाकडी चौकटीचा सहा फुटी बोर्ड आणणार कसा आणि ठेवणार कुठे? दोन-तीन किलोची स्टँडी मांडीवर ठेवून आणता येते. चार दिवसांच्या गाळ्यात तिच्यामुळे चार दिवसांची भिंत मिळते.

घडीच्या बहुतेक फलकांमागे एकच युक्ती आहे. जे मोठं आहे ते मऊ ठेवायचं आणि जे ताठ आहे त्याचे तुकडे करायचे. तीन बाय सहा फुटांचं फ्लेक्स मोठं, पण ते गुंडाळता येतं. काठी ताठ, पण तिचे तीन तुकडे होतात आणि ते हरवू नयेत म्हणून आतून एक इलॅस्टिकची दोरी ओवलेली असते. आता मऊ कापड उभं राहणार कसं? ते काम ताण करतो.

हा ताण बेसच्या आत दडलेल्या स्प्रिंगमधून येतो आणि त्या स्प्रिंगचं घराणं जुनं आहे. १८६४ साली अमेरिकेत स्ट्यूअर्ट हार्टशॉर्न यांनी खिडकीच्या पडद्यासाठी स्प्रिंगच्या रोलरचं पेटंट घेतलं. पोकळ रुळात स्प्रिंग बसवायची, पडदा खाली ओढला की तिला पीळ बसतो, सोडला की पीळ सुटतो आणि पडदा आपोआप वर गुंडाळला जातो. या धंद्यात हार्टशॉर्न एवढे यशस्वी झाले, की त्यांनी न्यू जर्सीत शॉर्ट हिल्स नावाची अख्खी वसाहत वसवली. त्यांच्या पडद्याला एक खटका होता, त्यामुळे पडदा हव्या त्या उंचीवर थांबायचा. स्टँडीत तोच रोलर उलटा, जमिनीलगत बसवलेला असतो आणि खटका मुद्दामच नसतो. छापलेला पडदा प्रत्येक क्षणी खाली जायला ओढ घेत असतो आणि काठी त्याला वर तोलून धरते. या ओढाताणीमुळेच फलक सपाट आणि ताठ दिसतो. पट्टी हातातून सुटली तर पडदा सटकन बेसमध्ये जातो, हेही त्यामुळेच. मिटवताना एका हातानं पट्टी धरून हळूहळू खाली सोडायची, हे प्रत्येक गाळेवाल्याला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

छपाईच्या दुकानात स्टँडी तयार होताना पाहिली, की तिची नाजूक जागा कळते. नवा बेस येतो तेव्हा स्प्रिंगला आधीच पीळ भरलेला असतो आणि बाजूच्या भोकात एक छोटी पिन तो पीळ अडवून धरते. फटीतून बाहेर आलेल्या पट्टीवर दुहेरी चिकटपट्टी लावतात. त्यावर मीडियाची, म्हणजे छापलेल्या पडद्याची, खालची कड दाबून बसवतात. मग एकानं मीडिया घट्ट धरायचा आणि दुसऱ्यानं पिन काढायची. पिन आधीच निघाली, तर स्प्रिंग घर्रकन सुटते आणि तो पीळ पुन्हा भरणं दुकानात सहसा जमत नाही. मीडिया दोन-तीन मिलिमीटर जरी तिरका चिकटला, तरी दर वेळी गुंडाळताना तो एका बाजूला सरकत जातो, फटीच्या कडेला घासतो आणि थोड्याच दिवसांत त्या कडेला चुण्या पडतात. म्हणून चांगला कारागीर या कड चिकटवण्याच्या कामात घाई करत नाही. स्टँडी किती वर्षं चालणार, हे छपाईच्या झळाळीपेक्षा त्या पाच मिनिटांवर जास्त ठरतं.

याहून स्वस्त आणि हलका प्रकार म्हणजे एक्स स्टँड. मधल्या प्लॅस्टिकच्या सांध्यातून निघालेल्या फायबरच्या बारीक काठ्या, फलकाच्या चार कोपऱ्यांना आयलेट आणि मागे टेकू देणारा एक पाय. काठ्या धनुष्यासारख्या किंचित वाकवून आयलेटमध्ये अडकवल्या, की त्या सरळ व्हायला पाहतात आणि फलक चारही बाजूंनी ताणला जातो. इथं फ्लेक्स बदलणं फारच सोपं. पण एक कोपरा फाटला, की सगळा तोल जातो.

मोठ्या प्रदर्शनांत कंपन्यांच्या गाळ्यांमागे आठ-दहा फुटांची अख्खी रंगीत भिंत दिसते. तिच्या मागे डोकावलं तर नळ्यांची तिरपी जाळी दिसेल. दोन पट्ट्या मधोमध खिळीनं जोडायच्या, अशा जोड्या एकमेकींना टोकांशी जोडत न्यायच्या. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टचे सरकते जाळीचे दरवाजे याच तत्त्वावर उघडतात आणि मिटतात. त्यात जाळी एकाच दिशेनं पसरते, इथं तिन्ही दिशांनी. स्पेनमधल्या एमिलिओ पेरेझ पिनेरो यांनी वास्तुकलेचं शिक्षण घेत असतानाच, १९६१ साली, अशा घडीच्या सांगाड्यावर फिरत्या नाट्यगृहाची रचना मांडली. पुढे १९६४ साली माद्रिदमधल्या प्रदर्शनासाठी त्यांनी घडीचा मंडपही उभारला. अमेरिकेच्या थिओडोर झीगलर यांना १९७६ साली घडीच्या स्वयंआधारित सांगाड्याचं पेटंट मिळालं आणि फिरत्या नाटकासाठी ज्या वाटेनं विचार सुरू झाला होता, त्याच वाटेवर प्रदर्शनाचा गाळाही आला. सांगाडा उचलून ओढला की जाळी फुलते, सांधे एकमेकांत अडकतात आणि चुंबकाच्या पट्ट्यांवर छापील पडदे लटकवले की भिंत तयार. सुताराला लागणारा दिवसभराचा वेळ दोन माणसांच्या अर्ध्या तासावर आला. रस्त्याच्या कडेला सिमकार्ड विकणाऱ्या मुलांच्या डोक्यावरची चौकोनी कॅनोपी याच कुटुंबातली आहे.

आता वाऱ्याबद्दल, कारण दुकानदारांचं सर्वांत जास्त नुकसान तिथं होतं. तीन बाय सहा म्हणजे अठरा चौरस फुटांचं शीड. ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला, तर त्यावर साधारण तीन ते चार किलोचा रेटा पडतो आणि तोही जमिनीपासून सरासरी तीन फूट उंचीवर. स्टँडीचं स्वतःचं वजन दोन-तीन किलो, पाय पुढे-मागे वीतभर पसरलेले. ती टिकणार कशी? वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट होतो. म्हणून रोल-अप स्टँडी ही छताखालची वस्तू आहे. ती फुटपाथवर ठेवून पायावर वीट ठेवायची आणि काठी सुतळीनं शटरला बांधायची, हे चित्र गावोगावी दिसतं. त्यात काठी वाकते, फट फाकते आणि स्टँडी कुणाच्या तरी स्कूटरवर कोसळते. बाहेरच ठेवायचं असेल, तर त्यासाठी वेगळे प्रकार आहेत. पाणी किंवा वाळू भरायच्या जड बेसचे फलक मिळतात. गाड्यांच्या शोरूमबाहेर दिसणारे पिसाच्या आकाराचे उंच झेंडेही चालतात. त्या झेंड्यांची काठी बुडाशी फिरते, त्यामुळे वारा आला की झेंडा वळून त्याला वाट करून देतो.

बाहेरचा आणखी एक जुना प्रकार म्हणजे ए-बोर्ड. दोन फळ्या, वर बिजागरी, मध्ये साखळी. पाय किती फाकायचे ते साखळी ठरवते. कॅफेच्या दारात खडूनं 'आजचा विशेष' लिहिलेली फळी ती हीच. मिटवून आत नेता येते म्हणून दुकानदारांची ती आवडती. पण तिनं पायी चालणाऱ्यांची, विशेषतः अंध व्यक्तींची, वाट अडते. एडिंबरा शहरानं नोव्हेंबर २०१८ पासून फुटपाथवरच्या ए-बोर्डांवर शहरभर बंदी घातली, ती मुख्यतः याच कारणानं. आपल्याकडच्या फुटपाथांवर आधीच चालायला जागा कमी. पांढरी काठी टेकत येणाऱ्या माणसाला कालपर्यंत मोकळ्या असलेल्या जागी आज अचानक एक फळी लागते आणि उद्या ती तिथं नसते. स्थिर खांबाची सवय होते, रोज जागा बदलणाऱ्या फळीची होत नाही. फलक दुकानाच्या उंबरठ्याच्या आतच ठेवावा.

फलकावर काय छापायचं, याचा विचार बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी होतो. स्टँडीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग टेबल, खुर्च्या आणि माणसांमागे झाकला जातो, शिवाय चार-सहा इंच मीडिया बेसच्या आत राहतो. तरीही फोन नंबर नेमका तळाशी छापलेला असतो. डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे वरच्या दोन फुटांत, नाव आणि काय विकतो ते एवढंच असावं. एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, हा ठोकताळा धरून चालावं.

मराठी मजकुराची अडचण आणखी वेगळी. फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉवर काम चालतं आणि अनेक ठिकाणी अजूनही श्रीलिपीसारखे जुने फाँट वापरात आहेत. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो. तो तसाच चिकटवला की अक्षरांची मोडतोड होते, म्हणून ऑपरेटर घाईघाईनं पुन्हा टाइप करतो. मग 'हार्दिक'चा रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरं सुटी होतात. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या नमुन्यात मराठी ओळी कोंबल्या, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. आपल्या लिपीला ओळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जागा लागते. ती द्यायला खर्च येत नाही. मोबाइलवर आलेला नमुना मोठा करून, अक्षर अन् अक्षर वाचूनच 'ओके' म्हणावं. एकदा छापलं की सहा फूट उंचीची चूक वर्षभर दुकानात उभी राहते.

आणि काम झालं, की स्टँडीचं काय होतं? बहुतेक वेळा ती कार्यक्रम संपताच हॉलच्या मागच्या बाजूला पडून राहते. हे सर्वांत वाईट आहे. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी चढवलेला पीव्हीसीचा थर. ते दोन्ही वेगळे करणं अवघड, म्हणून त्याचा पुनर्वापर फारसा होत नाही आणि जाळलं तर विषारी धूर होतो. १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे, पण स्टँडीचं फ्लेक्स त्याहून जाड असतं, त्यामुळे ते त्या बंदीत येत नाही. फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न कठीण आहेच. पण त्याच्यासोबत अ‍ॅल्युमिनियमचा बेस, काठी आणि धडधाकट स्प्रिंगही कचऱ्यात जाते, याला काहीच कारण नाही. सांगाडा नीट वापरला तर अनेक वर्षं चालतो. बदलायचा असतो तो फक्त मीडिया.

तेव्हा पुढच्या वेळी स्टँडी करायची असेल, तर आधी माळ्यावरची जुनी काढून छपाईवाल्याकडे न्या आणि फक्त मीडिया बदलून मागा. नवी घेत असाल, तर बेस जरा वजनदार घ्या, काठी हातानं वाकवून पाहा. त्या एका कार्यक्रमाची तारीख फलकावर छापू नका. तारखेसाठी वर चिकटवता येईल अशी वेगळी पट्टी करून घ्या. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत स्टँडी दिवसभर ठेवू नका, चिकटपट्टी सुटते. आणि दुकानदार पिन काढून टेबलावर टाकेल, ती मागून घ्या. मीडिया बदलताना पडदा पूर्ण बाहेर ओढून तीच पिन पुन्हा त्या भोकात घालावी लागते. ती बेसच्या खाली चिकटवून ठेवा.