सरड्याची धाव आणि सरड्याचे घर



गेल्या श्रावणातली गोष्ट. एक जुने सभासद गट ऑफिसात आले. ऊसनोंदीचे काम असेल म्हणून मी रजिस्टर उघडले, तर त्यांनी हातातली बुट्टी टेबलावर ठेवली. आत फडके, आणि फडक्यात हातभर लांबीचा, मातकट पिवळ्या रंगाचा, गळ्याला काट्यांची झालर असलेला सरडा.

"साहेब, नातवानं शहरातनं इकत आणलाय. आता पाय थरथरत्यात, खात बी न्हाई. तुमी किडामुंगीचं शिकलायसा, बघा जरा. न्हाईतर वढ्याला सोडून देतो."

मी शेतकी पदविकेचा माणूस. हुमणी, खोडकिडा, लोकरी मावा यांच्याशी माझी ओळख. सरड्याचा मी डॉक्टर नव्हे. पण नातू दारात उभा होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. म्हटले, "आबा, सोडायचं मागाहून बघू. आधी शहरात जनावरांच्या डॉक्टरला दाखवू." तिथे जे कळले आणि नंतर त्यांच्या घरी जे पाहिले, ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून लिहितो. कारण हल्ली असले प्राणी खेड्यापाड्यांतही येऊ लागले आहेत.

हा प्राणी कुठला?

याला इंग्रजीत बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, म्हणजे दाढीवाला सरडा. रागावला की गळा फुगवतो आणि दाढी काळी करतो, म्हणून हे नाव. मुलूख ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातला; कोरडा, उन्हाचा, विरळ झुडपांचा. तिथे तो कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खात बसतो. आपल्या बांधावरचा सरडा आणि हा एकाच कुळातले. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही आपली म्हण त्यालाही लागू पडते म्हणायची!

आता आपण जमीन बघून वाण लावतो. पाणथळ रानात कुठला वाण तग धरेल आणि माळाला कुठला, याचा विचार केल्याशिवाय बेणे आणत नाही. पण जिवंत प्राणी आणताना हा विचार राहून जातो. आबांच्या घरी तेच झाले होते.

चार चुका

पहिली चूक पेटीची. मासे ठेवायची दोन फुटी काचपेटी, तळाला ओली माती. पूर्ण वाढलेला हा सरडा शेपटीसकट दीड ते दोन फूट भरतो. त्याला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते, आणि हवा खेळायला जाळी. तळाला कागद किंवा फरशी बरी. लहान पिलाखाली वाळू टाकू नये, खाण्याबरोबर पोटात जाऊन कोठा बांधतो. शिवाय आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्याला मानवत नाही, छाती भरते. म्हणून ओली माती काढायची आणि पेटी कोरड्या खोलीत ठेवायची.

दुसरी चूक उबेची. सरड्याचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. ऊन खाल्ले तरच त्याला अन्न पचते. म्हणून पेटीच्या एका टोकाला दिवा टांगून त्याखाली दगड किंवा ओंडका ठेवावा. तिथे सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता हवी. दुसरे टोक २५ ते २८ अंशांवर, थंड आणि आडोशाचे. गरम वाटले की तो आपणहून सावलीला जातो. सगळी पेटी सारखी तापवली तर बिचारा जाणार कुठे? रात्री दिवा बंद, पण उष्णता २० अंशांच्या खाली फारशी जाऊ देऊ नये. अंदाजावर राहू नका. दोन्ही टोकांना थर्मामीटर ठेवा. दिवा जाळीबाहेर असावा, म्हणजे अंग भाजत नाही.

तिसरी चूक सर्वांत मोठी, आणि पाय थरथरण्याचे मूळही तेच. आबा म्हणाले, "रोज खिडकीतनं ऊन येतंय की पेटीत!" ऊन येत होते खरे, पण काचेतून. उन्हातला जो अतिनील किरण सरड्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार करतो, तो काच अडवते. ते जीवनसत्त्व नसले की खाण्यातला चुना अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, पाय आणि जबडा वाकडा होतो. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तसेच हे. लोह जमिनीत असते, पण पिकाला घेता येत नाही. यासाठी अतिनील किरणांची वेगळी ट्यूब मिळते. ती रोज १० ते १२ तास लावावी, मध्ये काच येऊ देऊ नये. प्रकाश दिसत असला तरी किरण क्षीण होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षाने ट्यूब बदलावी लागते.

चौथी चूक चाऱ्याची. नातू उसाच्या फडातले नाकतोडे धरून घालत होता. त्या फडावर आठवड्यापूर्वी फवारणी झालेली! विषारलेला किडा खाल्ला की खाणाराही विषारतो. किडे पाळीव, स्वच्छ जागचे हवेत, आणि आकाराने सरड्याच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून मोठे नकोत. वळवाच्या सुमाराला झाडांवर काजवे चमकतात, ते चुकूनही घालू नयेत. काजव्याच्या अंगात विष असते आणि काजवा खाऊन हे सरडे दगावल्याची नोंद आहे. पिलाला किडे जास्त लागतात, मोठ्याला पाला जास्त. शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीचे फूल चालते. पालक रोज नको, तो चुना बांधून ठेवतो. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. आणि सरडा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावरच्या जंतूंनी लहान मुलांना हगवण लागू शकते.

ओढ्याला का सोडू नये

आबांना पेटीचा आणि दिव्यांचा खर्च सांगितल्यावर ते पुन्हा म्हणाले, "त्यापरीस सोडलेला बरा." तेव्हा मी त्यांना उसाचीच गोष्ट सांगितली. याच सरड्याच्या देशात, क्वीन्सलँडमध्ये, उसाला हुमणीने ग्रासले होते. उपाय म्हणून १९३५ साली हवाई बेटांवरून १०२ मोठे बेडूक आणून वाढवले आणि त्यांची पिल्ले उसाच्या मुलखात सोडली. पण हुमणीची अळी जमिनीत आणि भुंगेरा झाडाच्या शेंड्यावर. बेडूक मधल्या मध्ये. हुमणी होती तशी राहिली आणि विषारी बेडूक मात्र पसरत सुटला. त्याला खाऊन तिथल्या घोरपडी आणि साप मेले. २००९ पर्यंत तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला होता. आपला दाढीवाला एक तर ओढ्याला चार दिवसांत मरेल, नाही तर बाहेरचा रोग इथल्या सरड्यांना देईल. दोन्ही वाईटच. आबा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे आणला तवाच दहा वर्सांचा करार झाला म्हना की." खरेच आहे, नीट सांभाळला तर तो दहा वर्षांच्या आसपास जगतो.

आता त्यांच्या सोप्यात सुताराकडून करून घेतलेली पेटी आहे. सरडा खातो-पितो, पण मागचा एक पाय वाकडाच राहिला. हाड एकदा वाकले की सरळ होत नाही. नातू मात्र वहीत रोज सकाळ-संध्याकाळ उष्णता लिहितो. इतकी चोख नोंद आमच्या गटातल्या पाणीपाळ्यांचीही नसते, हे कबूल केले पाहिजे!

शेवटी एक विनंती

ज्यांना प्राणी विकत घ्यायचाच आहे, त्यांनी आधी घर तयार करावे, मग प्राणी आणावा. पावती घ्यावी आणि नोंदणी लागते का, ते वनखात्याकडे विचारावे. घोरपड किंवा कुठलाही रानातला प्राणी धरून पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड धरणे हा गुन्हा आहे.

आणि ज्यांना फुकटात सरडा पाळायचा आहे त्यांच्यासाठी बांध आहेच. आपला सरडा रक्त पितो ही समजूत खोटी आहे. तो किडे खातो. त्याला ना दिवा लागतो ना ट्यूब. बांधावर चार झुडपे, ऊन खायला दगड आणि अंडी घालायला मऊ माती एवढे पुरे. एकट्याने तो हुमणी संपवणार नाही, त्यासाठी वळवानंतर बाभळी आणि कडूनिंब झाडून भुंगेरे गोळा करावेच लागतील. पण पाचट पेटवताना बांध जळतो, त्यात हाही जळतो. तेव्हा या हंगामात पाचटाला काडी लावू नका. पोरांना दगड मारू देऊ नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी