घरातला स्टुडिओ (भाग ५) : भोकं दोन, पण माइक एकच

मागच्या भागात माइक निवडला. आता तो लॅपटॉपला जोडायचा, तर मधे एक डबी लागते. तिलाच ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकमधून येणारा अगदी क्षीण सिग्नल वाढवायचा, त्याचे आकडे करून यूएसबीतून लॅपटॉपकडे पाठवायचे आणि परत येणारा आवाज हेडफोनला पोचवायचा, एवढंच तिचं काम.

दुकानात मात्र खोक्यावर ठळक छापलेलं असतं ‘१९२ किलोहर्ट्झ’. त्या आकड्यावर पैसे घालू नका. माणसाच्या कानाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि तेवढं टिपायला ४८ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट पुरून उरतो. ४८ वर, २४ बिटमध्ये, दोन माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होतं. म्हणजे रात्रभराचा गोंधळ आठ-नऊ जीबीत बसतो. १९२ वर तोच चौपट जागा खाईल आणि ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. २४ बिट मात्र सोडू नका. आवाज खालच्या पातळीवर ठेवून रेकॉर्ड करायची मुभा त्यानेच मिळते, आणि आपल्या वाद्यांना ती फार लागते.

आता खरी फसगत. फोकसराइट स्कारलेट सोलो किंवा बेहरिंगर यूएम२ यांना आवाज आत घ्यायची दोन भोकं दिसतात. घेणाऱ्याला वाटतं, एकात गाणाऱ्याचा माइक, दुसऱ्यात संबळाचा. पण या दोन्हींत माइकची सोय एकाच भोकाला आहे. दुसरं गिटारसारख्या पिकअपवाल्या वाद्यासाठी. तुळजापूरकडच्या आराधी मेळ्यात पिकअपचं वाद्य कुठून येणार? संबळ, तुणतुणं, झांज, सगळं हवेतून ऐकू येणारं. तुणतुण्याला तार आहे म्हणून ते गिटारच्या भोकात चालेल असं नाही. त्यालाही माइकच लागतो. तेव्हा खोक्यावर ‘२ इनपुट’ वाचून थांबू नका, ‘माइक प्रीअँप किती’, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवायची सोय किती भोकांना आहे, ते विचारा. एकट्याने गाणाऱ्याला, कविता वाचणाऱ्याला सोलो छान आहे. मेळ्याला नाही. मेळ्याला स्कारलेट २आय२, ऑडियंट ईव्हीओ ४, बेहरिंगर यूएमसी२०२एचडी अशा दोन प्रीअँपवाल्या डब्या पाहाव्यात.

मग चार का नकोत? एकाच खोलीत चार माइक लावले तरी पखवाज चारींत शिरतो. तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे म्हणतात तसं भजन घरच्या बैठकीत दोन माइकवर नीट येतं, एक गायकाला आणि एक सगळ्या साथीला. चार माइकवाल्या बऱ्याच डब्यांना वेगळा अॅडॉप्टरही लागतो, आणि तिथेच त्यांचा सुटसुटीतपणा संपतो.

प्रीअँप पाहताना दोन टोकं डोळ्यांपुढे ठेवा. एका टोकाला संबळ. त्याच्या काठीचा घाव इतका अचानक येतो की गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, थोडा जरी जास्त असला तरी आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड सांधत नाही. यावर उपाय म्हणजे ‘पॅड’चं बटण, जे आत येणारा सिग्नलच कमी करतं. यूएमसी२०२एचडीला ते आहे. ते नसेल तर माइक लांब ठेवा आणि सगळ्यात जोरकस वाजवून घेऊनही मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही असा गेन लावा. झूमच्या यूएसी-२३२ मध्ये ३२ बिट फ्लोट असल्याने गेनचा खटकाच नाही. पण लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअरही ३२ बिट फ्लोटवर ठेवावं लागतं, आणि माइकच्या आतच आवाज फाटला तर कोणतीही डबी काही करू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या अनेकींचं ध्वनिमुद्रणही झालं. आज ते ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात ऐकता येतं. आपल्या घरातल्या आजीकडून ओवी घ्यायची तर ती माइकसाठी आवाज चढवणार नाही, चढवायलाही लावू नये. शुअर एसएम५८सारख्या डायनॅमिक माइकला अशा हळू आवाजासाठी ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. चौथ्या पिढीच्या स्कारलेट सोलोत तो ५७ आहे, २आय२ मध्ये ६९. हा बारा डेसिबलचा फरक खोक्यावरच्या १९२ पेक्षा कितीतरी मोलाचा. गेन अगदी टोकाला नेला की खाली सळसळ ऐकू येते आणि ओवीतल्या दोन ओळींमधल्या शांततेत ती लपत नाही.

मग वीज. या डब्या यूएसबीवरच चालतात. यूएसबी २ चं पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतं. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही त्यातूनच निघते. डायनॅमिक माइक असेल तर ते बटण बंदच ठेवा. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंग असेलच असं नाही. मग चार्जर लावलेला लॅपटॉप रेकॉर्डिंगमध्ये ‘घूं’ असा ५० हर्ट्झचा सूर सोडतो. आधी अर्थिंग तपासून घ्या. गाणं घेताना चार्जर काढून बॅटरीवर चालवा. भारनियमनाची भीतीही मग राहत नाही. मोबाइलवर घ्यायचं असेल तर ओटीजी केबलने डबी चालते, पण पुष्कळ फोन तिला पुरेशी वीज देत नाहीत. मधे वीज देणारा यूएसबी हब लागतो.

उशिरा ऐकू येण्याची तक्रार, म्हणजे लेटन्सी, फार मनावर घेऊ नका. २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद, आणि तेवढा वेळ तर सहा फुटांवरच्या संबळाचा आवाज कानापर्यंत यायलाही लागतो. जाताना आणि येताना मिळून उशीर वाढतो हे खरं, म्हणून ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असलेलीच डबी घ्या. त्यात स्वतःचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता सरळ हेडफोनला येतो.

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत गर्दीत उभं राहून रेकॉर्ड करायचं असेल, तर इंटरफेस हे त्याचं साधनच नव्हे. तिथे हातातला रेकॉर्डर घ्या. घरासाठी मात्र माझं मत ठाम आहे: दोन माइक प्रीअँप, २४ बिट, भरपूर गेन, यूएसबीवर चालणारी. बाकी सगळं नंतर. सोलापूरच्या दुकानात घ्यायला गेलात तर स्वतःचा लॅपटॉप आणि फोन सोबत न्या, दोन्ही माइक लावा, ते कंडेन्सर असतील तर ४८ व्होल्ट चालू करा आणि पंधरा-वीस मिनिटं डबी चालू द्या. मधेच बंद पडली तर ती तुमच्या कामाची नाही. पुढच्या आठवड्यात पत्र्याच्या खोलीतला घुमारा कसा मोडायचा ते पाहू. घरातल्या जुन्या गोधड्या तेवढ्या काढून ठेवा.