कावेरीकाठची समाधी आणि ती राखणारी नागरत्नम्मा

नामवंत विद्यार्थ्याचे नाव कॉलेजच्या मैदानाला किंवा स्टेडियमला देण्याची रीत आता सगळीकडे रुळली आहे. कोनशिला बसते, भाषणे होतात, फोटो निघतात. तंजावरपासून अवघ्या तेरा-चौदा किलोमीटरवर असलेल्या तिरुवैयारु गावानेही आपल्या एका माणसाची आठवण अशीच जपली आहे. फरक इतकाच की, त्याच्या समाधीभोवतीची जागा राखायला एका बाईला आपले दागिने मोडावे लागले आणि त्या जागेत गाण्यासाठी पुन्हा भांडावेही लागले.

तो माणूस म्हणजे संत त्यागराज. कर्नाटक संगीतात त्यांचे स्थान काय, हे मराठी वाचकाला सांगायचे तर आपल्याकडे तुकोबांचे अभंग घरोघरी आहेत, तशा तिकडे त्यागराजांच्या तेलुगू रचना आहेत. १७६७ मध्ये जन्मलेल्या त्यागराजांचे आयुष्य तिरुवैयारुत गेले. तेव्हा तंजावरच्या गादीवर भोसले होते. बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेणारे सरफोजीराजे हे त्यांचे समकालीन. राजांनी दरबारात गाण्यासाठी बोलावले, पण आपले गाणे रामासाठीच आहे, असे म्हणून त्यागराजांनी भेटवस्तू परत पाठवल्या, अशी कथा तिकडे आजही सांगतात. उंछवृत्तीने, म्हणजे दारोदार भजन करीत मिळेल त्या तांदळावर त्यांनी संसार चालवला.

अखेरच्या दिवसांत त्यांनी संन्यास घेतला होता. ६ जानेवारी १८४७ रोजी, पौष वद्य पंचमीला त्यांचे निधन झाले. संन्याशाला दहन नसते, म्हणून कावेरीच्या काठी समाधी दिली गेली. शिष्य पांगले. आठ वर्षांत, १८५५ मध्ये, तंजावरचे राज्यही संपले. समाधीभोवती झाडोरा माजला. १९०३ मध्ये उमयाळपुरम् कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर या वृद्ध शिष्यांनी ती शोधून तिची डागडुजी केली.

पुढे पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला, आणि भक्तांचे जसे होते तसेच झाले. दोन तट पडले! एक 'पेरिय कक्षी', म्हणजे मोठा पक्ष. दुसरा 'चिन्न कक्षी', म्हणजे धाकटा. एकाचा उत्सव पुण्यतिथीला संपायचा, दुसऱ्याचा त्याच दिवशी सुरू व्हायचा. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते. बायकांनी तिथे गायचे नाही.

दागिने विकून बांधलेले मंदिर

बंगळूर नागरत्नम्मांचा जन्म १८७८ चा, देवदासीच्या पोटचा. संस्कृत, कन्नड, तेलुगू त्या उत्तम जाणत. मद्रासेत गायिका म्हणून त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही मिळवले. तंजावरशी त्यांचे एक नाते आधीच जडले होते. प्रतापसिंह भोसल्यांच्या काळात त्या दरबारी मुद्दुपळणी नावाची कवयित्री होऊन गेली. तिच्या 'राधिका सांत्वनम्' या काव्याची छापील प्रत काटछाट केलेली आहे, असे दिसताच नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये ते संपूर्ण छापले. अश्लील म्हणून ओरड झाली, इंग्रज सरकारने बंदी घातली. ती उठली थेट १९४७ मध्ये. एका मराठी राजाच्या पदरच्या कवयित्रीसाठी कन्नड मुलखातल्या बाईने हे सोसले, याची आपल्याकडे फारशी कुणाला खबर नाही.

समाधीची दुरवस्था त्यांना कळली ती त्यांचे गुरू बिडारम् कृष्णप्पा यांच्याकडून. त्या तिरुवैयारुला गेल्या. समोरचे दृश्य पाहून त्यांनी आपली कमाई तिथे ओतायचे ठरवले. जागा घेतली, दागिने विकले, १९२१ मध्ये कामाला हात घातला आणि चार-पाच वर्षांत समाधीवर मंदिर उभे केले.

आता तरी त्यांना तिथे गाता यावे की नाही? पैसा बाईचा चालला, जमीन बाईची चालली, गळा मात्र चालेना. नागरत्नम्मा रडत बसल्या नाहीत. १९२७ मध्ये त्यांनी स्त्रियांचा तिसरा पक्ष काढला, 'पेण्गळ् कक्षी'. समाधीच्या मागच्या बाजूला स्त्रिया जमू लागल्या आणि गाऊ लागल्या. पुढच्या बाजूला दोन पक्ष एकमेकांशी अबोला धरून, मागे हा तिसरा उत्सव, आणि मध्ये आयुष्यभर भांडणापासून दूर राहिलेले त्यागराज!

एका सुरात

तडजोड व्हायला १९४० उजाडले. तिन्ही पक्ष एकत्र येऊन त्यागब्रह्म महोत्सव सभा स्थापन झाली आणि स्त्रियांचे गाणे मान्य झाले. आज या उत्सवाची ओळख बनलेले पंचरत्न कीर्तनांचे समूहगानही त्या एकीचेच फळ आहे. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या या रचना. शाखा आणि पाठभेद अनेक असल्यामुळे सर्वांना एकत्र म्हणता याव्यात म्हणून नेमक्या या पाच ठरवल्या गेल्या, आणि समोरासमोर ओळीने बसून मोठमोठे कलावंत त्या साथीने म्हणू लागले. तिथे मानधन नसते. नावाजलेला गवई आणि नुकता शिकू लागलेला मुलगा एकाच मांडवात बसतात.

नागरत्नम्मा उतारवयात तिरुवैयारुलाच राहायला आल्या. मृत्युपत्र करून त्यांनी आपली मिळकत विश्वस्तांकडे सोपवली. त्यात एक अट आवर्जून घातली होती. समाधीपाशी सेवा करायला येणाऱ्या कोणत्याही स्त्रीला, मग ती देवदासी का असेना, अडवायचे नाही.

१९५२ मध्ये त्या गेल्या. त्यांची समाधीही तिथेच, त्यागराजांच्या मंदिरासमोर आहे. त्यावर त्यांची बसलेली मूर्ती आहे, हात जोडलेली. उत्सवात गायला येणाऱ्या मुली त्यागराजांना नमस्कार करून झाला की, मागे वळून तिलाही करतात.